बुजवलेली भोकं उघडणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तुम्ही सोसायटी सोडून गेलात त्या दिवशी सामान उतरवण्याच्या गडबडीत बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि चारचौघांनी वाचावं असं उघड.

मागच्या, डोंगरउताराची माती अडवणाऱ्या संरक्षक भिंतीवर पाण्याचे ओघळ उठायचे, नवा रंग खराब व्हायचा. रंगाऱ्याने त्या भिंतीतली, मागचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोकं सिमेंटने लिंपली तेव्हा खूश झालेल्यांत मीही होतो. तुम्ही मात्र छिन्नी-हातोडी घेऊन आलात आणि पहिलंच भोक फोडलंत. आधी गढूळ चिळकांडी उडाली, मग धार लागली. ती बराच वेळ थांबेना. "भिंत मातीचा भार पेलायला बांधलीय, तुंबलेल्या पाण्याचा नाही," एवढंच बोललात. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो, हे शाळेत पाठ केलं होतं. ते आपल्याच स्वयंपाकघरामागे रेटा देत असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. शिवाय मुरलेल्या पाण्याच्या दाबाने मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि उतार सुटतो, हेही तुम्हीच समजावलंत.

पण खरी कटकट भिंत आणि उतार सांभाळायच्या पैशांची. "काही झालेलंच नाही, तर वर्गणी कसली?" हे सभेत विचारणारा मीच होतो. वरच्या इमारती म्हणत, धोका खालच्यांना. खालचे म्हणत, पाणी वरच्यांचं. तुम्ही दोघांनाही गप्प केलंत: वरच्या गच्चीचं पाणी उताराला भिजवतं, आणि तो उतार घसरला तर वरच्यांच्या पायाखालची जमीन जाते. कॅलिफोर्नियात १९७९ पासून डोंगरउतारावरच्या घरमालकांना अशा कामासाठी कायद्याने स्वतंत्र 'जिल्हा', म्हणजे तेवढ्या भागापुरती एक संस्था, स्थापून वर्गणी बसवता येते, हे सांगून म्हणालात, आपल्याला ठराव पुरे. वेगळं खातं उघडलंत. त्याचा एक भाग दरवर्षीच्या गटारसफाईला आणि तपासणीला, दुसरा मोठ्या दुरुस्तीसाठी ठेवीत. लिफ्ट किंवा रंगासाठी त्याला हात लावायचा नाही, हे कलम घालायला तुम्ही भांडलात. गेल्या वर्षी लिफ्ट बिघडली तेव्हा त्या कलमाची किंमत कळली. आठ दिवस जिने चढलो, तुमच्या नावाने बोटं मोडली, पण खात्याला हात लागला नाही.

भिंतीची भेग रुंदावली तर तडकून कळावं म्हणून तुम्ही तिच्यावर चिकटवलेली काचेची पट्टी अजून अखंड आहे, तुमच्या अक्षरातल्या तारखेसकट. भोकं मोकळी करायची लोखंडी सळई माझ्याकडे आहे, ती परत मागू नका.

परवाच्या पावसात सातवं भोक कोरडं दिसलं. आधी बरं वाटलं. मग पाहिलं तर सहावं आणि आठवं धो धो वाहत होतं. छत्री मानेत धरून सळई आत घातली, गाळाचा बोळा निघाला आणि चिळकांडीने माझा शर्ट माखला.

आपला,
सभेत आडवा गेलेला शेजारी