अंगणातली शमी

ग्वाल्हेर,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकिटातून वाळका पाला निघेल, तो झटकून टाकू नका. ते यंदाचं सोनं आहे. दोघांनी एकमेकांना द्या, दादा-वहिनीलाही द्या आणि थोडं देवापाशी ठेवा.

यंदा महाराज बाड्याच्या बाजारातून सोनं आणलं नाही. तिघऱ्याच्या रस्त्याला एका शेताच्या बांधावर जुनं छोंकराचं झाड आहे, त्याचं आणलं. छोंकर म्हणजेच शमी. जन्म इथे गेला, तरी मला हे ठाऊक नव्हतं. बाबा, तुम्हाला होतं का? लहानपणी सायकलवर पुढे बसवून तुम्ही मला त्याच रस्त्याने न्यायचात.

आता एक सांगायचं आहे. गेल्या दोन फोनवर ते ओठांपर्यंत आलं आणि राहिलं, कारण आईला लागेल. आपल्या अंगणातली शमी ही शमी नाही.

मागच्या दसऱ्याला मांढरेच्या मातेच्या देवळापाशी शमीपूजन पाहायला गेले होते. शिंदे घराण्यातली तलवार शमीला लागली आणि नेहमीसारखी माणसं पानांवर तुटून पडली. माझ्याही हाती एक डहाळी आली. घरी येऊन ती आपल्या झाडाच्या डहाळीशेजारी ताम्हनात ठेवली, तर दोन्ही निराळ्या दिसल्या. खऱ्या शमीच्या एका पानाला दोन, फार तर तीन फाट्यांच्या जोड्या असतात. आपल्या झाडाच्या एका पानाला मी अकरा मोजल्या. शमीचे काटे बारीक, सालीवर कुठेही विखुरलेले असतात, तर आपल्या झाडाची आखूड फांदीच टोकाला काटा होते. आणि आई, पावसाळ्यात त्याला ते अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं लोंबतं फूल यायचं आणि तू कौतुकाने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवायचीस ना? शमीचं फूल फिक्या पिवळ्या तुऱ्याचं असतं आणि येतं उन्हाळ्याच्या तोंडाशी. आपलं झाड वीरतरु निघालं. रोपवाटिकेत शमी म्हणून पुष्कळदा हेच देतात. ज्यांनी दिलं त्यांनाही बहुधा ते शमीच वाटत असणार.

दोन दिवस मला फार चुकल्यासारखं वाटत होतं. इतक्या चतुर्थ्यांना गणपतीला तीच पानं वाहिली. मग वाटलं, आई, तू साताऱ्याहून लग्न होऊन आलीस आणि पहिल्या दसऱ्याला हातावर आपट्याऐवजी ही बारीक पानं पडली तेव्हा रडली होतीस, हे तूच सांगितलंस. पुढे त्याच परक्या पानांसाठी तू अंगणात झाड लावलंस आणि वाढवलंस. ते मी काढणार नाही. रोज पाणी घालते. गणपतीला मात्र आता बांधावरची शमी आणीन.

या एका झाडामुळे मला नाद लागला आहे. दर रविवारी सकाळी वही घेऊन बाहेर पडते. शेतातल्या काकांनी पहिल्याच दिवशी माझी परीक्षा घेतली. दोन झाडं दाखवून म्हणाले, यातला छोंकर कुठला? मी चुकले. दुसरी होती विलायती बाभूळ. ती अमेरिका खंडातून आलेली, तरी शमीची जवळची नातलग. चंबळकडच्या घळींमध्ये माती धरून ठेवावी म्हणून मुद्दाम पेरली गेली आणि आता जिकडे बघावं तिकडे तीच. तिचे काटे पानाच्या बेचक्यात जोडीने येतात आणि शेंग चपटी, पिवळसर असते. शमीची शेंग बारीक काडीसारखी. राजस्थानात तिचीच सांगरी करून खातात. काका म्हणतात, छोंकराखाली पीक मरत नाही, म्हणून बांधावरचा छोंकर कोणी तोडत नाही. विलायतीखाली गवतसुद्धा नीट धरत नाही.

टेंटीचंही कळलं! बाबा, तुमच्या आवडीच्या लोणच्यातली टेंटी ज्या झुडपाला लागते ते करील, म्हणजे मराठीत नेपती. चैत्रात पाहिलं तर पान औषधालाही नाही, नुसत्या हिरव्या काड्या आणि त्यांवर विटकरी लाल फुलं. पानांचं काम त्या हिरव्या काड्याच करतात, म्हणून इथल्या उन्हात ते तगतं. आजवर ते मला वाळकं काटेरी झुडूप वाटायचं. पुढच्या खेपेला कोवळी टेंटी आणून मिठाच्या पाण्यात घालीन, पण कडवटपणा जायला किती दिवस ठेवायची ते आईने फोनवर सांगायला हवं. वहीत लिहून घेते.

डोंगरांवर जे तांबूस-राखाडी जंगल दिसतं ना, ते बहुतेक करधईचं. आपल्या धावड्याच्या कुळातली. इथली माणसं सांगतात की पाऊस पडायच्या आधीच, नुसत्या दमट हवेने ती पालवते. जूनमध्ये मी रोज गच्चीवर जाऊन बघत होते. एका सकाळी टेकडी खरंच पोपटी झाली होती, आणि आदल्या रात्री थेंबही पडला नव्हता. तेव्हा तुम्ही दोघं गच्चीवर हवे होतात असं फार वाटलं.

बाबा, तुमच्यासाठी काम आहे. छोंकर, रेमजा, हिंगोट ही नावं मला काकांकडून मिळाली. पण तुमच्या आजीला ही झाडं मराठी नावांनी ठाऊक असतील. रेमजा म्हणजे हिवर आणि हिंगोट म्हणजे हिंगणबेट असं मी जुळवलं आहे. घरात ती काय म्हणायची, ते आठवलं तर एका कागदावर लिहा. अक्षर थरथरलं तरी चालेल, मला वाचता येतं.

आई, तू शनिवारी मारुतीला रुईची माळ करतेस. तिथल्या फुलाच्या पाकळ्या उताण्या पसरलेल्या असतात का ते बघ. इथल्या रुईच्या उभ्या असतात आणि टोकाशी जांभळ्या. दोन्ही रुयाच, पण जाती वेगळ्या. फूल हुंगू नकोस, चीक डोळ्यांत जाईल. नुसतं बघून कळव.

गुडघ्यांना तेल लावता ना दोघं? थंडी पडायला लागली की येईन, तेव्हा वही घेऊन येते.

तुमची,
धाकटी