मंदे, मी पुन्हा सांगितलं

रॉचेस्टर, न्यू यॉर्क
२० ऑगस्ट

प्रिय मंदे,

आधी मला पोटभर शिव्या दे, मग पुढे वाच. "पोचले की पत्र टाकते" म्हणून मे महिन्यात निघाले आणि आज लिहायला बसलेय. माझी तब्येत ठीक, बीपी ठीक, गोळ्या पुरतील एवढ्या आणल्यात. तुझा गुडघा कसाय? ऑपरेशनला नाही म्हणू नकोस.

आता खरं कारण सांगते. मंदे, मला सुया चालू आहेत. पिसाळलेल्या जनावराच्या. हस, हस! अठ्ठेचाळीस वर्षं थांबली होतीस ना?

कुत्रं नाही गं, पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ. पमीचं घर जुनं, लाकडी. वर माळा आहे, पण आपल्यासारखे कांदे-बटाटे नसतात त्यावर, नुसता काळोख. मी आणि पमीची तान्ही छकुली एका खोलीत झोपतो, म्हणजे झोपत होतो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तर खोलीत फडफड. दिवा लावला तर पाकोळी पंख्याभोवती गरागरा फिरतेय. मी घाबरले नाही. वाड्यात आपण काय कमी पाकोळ्या बघितल्या? आजी करायची तेच केलं. खिडकीची जाळी वर केली, दिवा मालवला, गप्प उभी राहिले. गेली बाहेर. जाळी लावली आणि झोपले. वर मनात म्हटलं, पमी असती तर अख्खी गल्ली गोळा केली असती.

सकाळी चहा पिताना गंमत म्हणून सांगितलं. पमीचा कप तसाच राहिला. जावई तर ताडकन उठून फोनलाच लागले.

तेव्हा कळलं की आजीची रीत इथे चालत नाही. इथे कुत्र्यांचा रेबीज लसींनी घालवलाय, आता माणसं दगावतात ती बहुतेक वटवाघळांमुळे. त्यांचे दात इतके बारीक की झोपेत चावलं तर जागही येत नाही आणि खूणही दिसत नाही. म्हणून झोपलेल्या माणसाच्या किंवा लहान बाळाच्या खोलीत वटवाघूळ सापडलं की चावलंच असं धरून चालतात. पकडून ठेवलं असतं तर मेंदू तपासून सांगितलं असतं. तेही डोकं न ठेचता पकडायचं, चपलेने मारायचं नाही. बहुतेक वटवाघळं निरोगीच निघतात म्हणे. तसं निघालं असतं तर एकही सुई नसती. पण मी तर त्याला मानाने खिडकीतून निरोप दिला होता. गणपती घाटावर तुला चावलेलं ते कुत्रंही असंच सापडलं नव्हतं ना? दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवता आलं असतं तर तुझ्या चौदा सुया वाचल्या असत्या.

नर्सबाईंनी फोनवरून विचारलं, जाग आली तेव्हा ते कुठे होतं? आत येताना पाहिलं का? पमी मराठीत करून सांगत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मंदे, "दारातून येताना पाहिलं" एवढंच म्हणायचं होतं. सुया नाहीत, बिल नाही, छकुलीच्या मांडीला टोचणं नाही. इथलं बिल हजारो डॉलरांत जातं आणि माझा तो प्रवासी विमा किती देतो देव जाणे. मी म्हटलं, "उडत होतं." खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं.

गाडीत बसल्यावर सांगितलं. दिवा लावला तेव्हा ते उडत नव्हतं, पाळण्याच्या कठड्याला चिकटलेलं होतं. माझ्या हालचालीने उडालं.

वर तुला गरागरा लिहिलं ते दुसऱ्या मिनिटाचं. तुलाही आधी तसंच सांगितलं बघ. खोड जात नाही.

पमी काही बोलली नाही. गाडी मात्र जोरात हाणली.

दवाखान्यात पहिल्या दिवशी लस आणि तयार प्रतिद्रव्यांचं औषध. ते वजनावर देतात, किलोला वीस युनिट. जावयासमोर काट्यावर उभं राहावं लागलं. एकशे एकोणसाठ पौंड! किलोत किती ते तू काढू नकोस. लस मात्र दंडात, फ्लूच्या सुईसारखी. पहिला, तिसरा, सातवा आणि चौदावा दिवस. (पहिल्याला हे लोक शून्य म्हणतात.) काल सातव्या दिवसाची झाली. बेंबीभोवती काही नाही गं. तुझी ती मेंढीच्या मेंदूची लस होती, ती आपल्याकडेही २००४-०५ मध्ये बंद झाली, जावयांनी वाचून दाखवलं. मला तुझं पोट आठवलं. झग्याखालून दाखवायचीस, घड्याळासारखे ठिपके. आणि रोज साताऱ्याला एसटीने जायचं, येताना अण्णा एक कंदी पेढा घेऊन द्यायचे. चौदा पेढे. मला त्यातला अर्धाही मिळाला नाही. हे मी विसरलेले नाही.

छकुली तिन्ही वेळेला रडली आणि दोन मिनिटांत नर्सबाईंच्या गळ्यातली पट्टी ओढायला लागली. ताप नाही, दूध पिते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर घेतलं की घाबरायचं कारण नाही. पण मी रात्री जावयांच्या फोनवर वाचलंच. इलिनॉयमध्ये २०२१ साली एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ जागे झाले तर मानेवर वटवाघूळ. तपासलं, रेबीज निघाला. त्यांनी लस नाकारली. महिन्याभराने लक्षणं सुरू झाली, मग काही करता येत नाही. आमच्या ह्यांनी फोनवर काय म्हणावं? "आपल्या माळ्यावर जन्मभर पाकोळ्या होत्या, कोण मेलं?" फोन ठेवून दिला मी.

माळ्याचं काम करायला माणूस आला होता. पन्हळीखाली बोटभर फट निघाली. पिल्लं उडायला लागल्यावरच करतात हे काम, नाहीतर ती आत अडकून मरतात. त्याने फटीवर जाळीची नळी बसवली. त्यातून बाहेर जाता येतं, परत आत येता येत नाही. मी म्हटलं, आमच्या काळचं सासर. कोणी हसलं नाही.

मंदे, सुईचं काही नाही. त्या दिवसापासून छकुली पमीच्या खोलीत झोपते. मला कोणी काही म्हणालेलं नाही. "आई, तू आराम कर," एवढंच. दिवसा देतात, पण पमी दर दहा मिनिटांनी डोकावते. जाळी मी लावली का, दार मी लोटलं का, पुन्हा बघून जाते. मी इथे ज्या कामाला आले तेच काढून घेतलंय. रागावली असती तर बरं, पाय तरी धरले असते. आणि खरं सांगू? त्या कठड्याचं बोलले नसते तरी सुया तर लागणारच होत्या. मग कशाला बोलले? रोज रात्री हाच विचार.

आपण काळेश्वरीची शपथ घेतली होती. कुणाला सांगायचं नाही, फ्रॉक फाटला तो तारेला अडकून. तीन दिवस टिकवली मी. चौथ्या दिवशी माईंना सांगून टाकलं. तू म्हणालीस, फितूर. नंतरही भांडण झालं की पहिला शब्द तोच, माझ्या लग्नातसुद्धा. मी घाबरले होते गं, बाकी काही नव्हतं. शाळेतल्या बंडूला पाणी बघून ओरडताना मी पाहिलं होतं, तू नव्हतं.

सुनीलचं जमलं का? मुलगी पाहिलीत ती पुण्याची का कराडची? वहिनींना नमस्कार. ओटीचे पैसे मी आले की देते.

इथल्या एक जोशीणबाई शनिवारी पुण्याला निघाल्यात, त्यांच्याबरोबर हे देते. चौदावा दिवस येत्या बुधवारी. उत्तर फोनवर देऊ नकोस, माझा फोन पमी लावून देते आणि बाजूलाच बसते. चार ओळी लिही. एवढंच कळव. मी माईंना सांगितल्यावर तू माझ्याशी बोलली नव्हतीस, ते किती दिवस? मला गौरींपर्यंत वाटतं. पण तू मोजले असशील.

तुझी
शालू