आधी अंदाजपत्रक, मग पावतीपुस्तक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात १८६० साली रेल्वे आली आणि १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशनचे काम आणि रेल्वेची वस्ती यांमुळे त्या काळाच्या आगेमागे इथली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा भक्तसमुदाय, रुजली. त्या परंपरेतल्या दगड-चुन्याच्या कौलारू चर्चवास्तू नुसत्या मंडळीच्या नाहीत, शहराच्याही आहेत. त्यांच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढण्याचा विषय निघाला की पहिल्याच आठवड्यात पावतीपुस्तके छापली जातात आणि इमारतीला नेमके काय झाले आहे याची पाहणी नंतर होते. आमच्या मते बरेचसे पैसे इथेच वाया जातात.

सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणून पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात करावी. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत पावसाळ्यात खरे बोलते. माळ्यावर चढून प्रत्येक कैचीचे (छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याचे) भिंतीत गेलेले टोक टोच्याने तपासावे, कारण वाळवी आणि कुज तिथूनच सुरू होते. मधले लाकूड ठणठणीत असेल तर अख्खी कैची बदलू नये. कुजलेले टोक कापून जुन्या सागवानाचा जोड बोल्टने बसवता येतो. त्या टोकाभोवती भिंतीत इंचभर हवेची जागा सोडावी. ते सिमेंटने गच्च बुजवले की पुन्हा कुजते.

भिंतीतील तिरक्या भेगा पाहून घाबरू नये, पण लगेच भरूही नयेत. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलतो. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही पार पडून पट्टी शाबूत राहिली, तर भेग जुनी आहे. फुटली, तर पायाशी पाणी कुठून येते ते आधी शोधावे. बहुतेक वेळा फुटलेला पन्हळीचा पाईप किंवा भिंतीला चिकटून बसवलेले पेव्हर ब्लॉक हे कारण निघते. अंगण फरशीने बंद केले की जमिनीतल्या ओलीला वर जायला भिंतच उरते.

सिमेंटचा प्रश्नही याच ओलीशी जोडलेला आहे. चुन्याची भिंत श्वास घेते, तिच्यातील ओल दगडांमधल्या दरजांमधून बाहेर पडते. वर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंट चढवला की ओल आत अडकते. मग क्षार फुलतात, आतला चुना भुसभुशीत होतो आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंट स्वस्त आणि झटपट म्हणून निवडले जाते, पण ते काढताना दगडाच्या कडाही तुटतात. म्हणून अंदाजपत्रकात चुन्याचे काम वेगळे लिहून घ्यावे : नीट विरलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, किंवा चुना एक, सुरखी (विटांची भुकटी) एक आणि वाळू दोन. एक थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि त्यावर ओली गोणपाटे किमान दोन आठवडे ठेवावीत. एप्रिलमध्ये आपल्याकडच्या उन्हात हे जमत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होण्याआधीच वाळतो आणि पावडर होऊन झडतो. चुन्याचा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच.

छप्पर गळत असताना भिंतीला हात लावू नये. पहिल्या हिवाळ्यात छप्पर, कैच्या, पन्हळी आणि पायाभोवतीच्या पाण्याचा निचरा. वळवाचे पाऊस सुरू होण्याआधी कौले बसलीच पाहिजेत. मधला पावसाळा भिंती सुकतात की नाही हे पाहण्यासाठी. दरजा आणि गिलावा दुसऱ्या हिवाळ्यात. निधीही त्याच दोन टप्प्यांत मागावा. पहिल्या टप्प्याचे पैसे खात्यात जमेपर्यंत एकही कौल उतरवू नये. अर्धे उघडे छप्पर आणि संपलेले पैसे, याहून वाईट अवस्था जुन्या इमारतीची नसते.

मागणी नेमकी असावी. ६० फूट लांब, ३० फूट रुंद सभागृहाला ३० अंशांचा उतार, पागोळीला दोन फूट आणि दोन्ही टोकांना फूटभर बाहेर काढलेले छप्पर धरले, तर दोन्ही उतार मिळून साधारण २४०० चौरस फूट, म्हणजे २२३ चौरस मीटर होतात. चौरस मीटरला १५ या हिशेबाने सुमारे ३३५० कौले, तुटीसाठी १० टक्के धरून ३७००. आढ्यावरची पन्नासेक वेगळी. ‘जीर्णोद्धाराला मदत करा’ म्हटले की माणूस खिशाला परवडेल ते देतो. ‘एका कौलाला बसवण्यासह इतके रुपये, तुम्ही किती कौले देता?’ म्हटले की तो मोजू लागतो. चर्चमध्ये हंगामाच्या (सुगीच्या) सणाला भक्तांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तिथेही यंदा रक्कम कशासाठी आहे हे दारावरच्या फळ्यावर लिहावे : कौले ३७०० पैकी इतकी जमली, कैच्यांची टोके इतक्यांपैकी इतकी.

मात्र कौले वस्तुरूपात घेऊ नयेत. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर अनेक कारखान्यांनी आपापले साचे केले. एका साच्याच्या कौलाची खाच दुसऱ्यावर बसत नाही आणि पाणी तिथूनच आत येते. जुन्या कौलांतली, वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारी निवडून एका उतारावर एकाच छापाची लावावीत आणि नवी दुसऱ्या उतारावर.

आता खर्चाची बेरीज. काम १० लाखांचे निघाले आणि ठेकेदार नोंदणीकृत असेल, तर १८ टक्के जीएसटीचे १ लाख ८० हजार त्यावर आले. जुन्या इमारतीत कौले काढल्यावर काय निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून १५ टक्के, दीड लाख, राखून ठेवावे लागतात. वास्तुविशारदाची फी निराळी. म्हणजे १० लाखांचे आवाहन करणारी कमिटी सुरुवातीलाच सव्वातीन लाखांहून अधिक मागे असते.

कागदपत्रांची अडचण याहून मोठी ठरते. १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यानंतरही अनेक ठिकाणी भक्ती करणारी मंडळी एक आणि जमिनीचा मालक ट्रस्ट दुसराच, अशी स्थिती असते. मालमत्ता पत्रक आणि धर्मादाय कार्यालयातला शेड्युल वनचा (ट्रस्टच्या नोंदणीचा) उतारा आधी काढावा. विश्वस्तांच्या बदलाचा अर्ज प्रलंबित असेल तर बँकेत सह्यांचा घोळ होतो आणि मोठा देणगीदार तिथेच थांबतो. नोंदणीकृत ट्रस्टऐवजी हौशी समिती पैसे जमवणार असेल, तर गणेश मंडळांना लागते तशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची वर्गणीची परवानगी आधी धर्मादाय कार्यालयात मार्गी लावावी. कर्ज काढायलाही परवानगी लागते.

करसवलतीचे आश्वासन जपून द्यावे. ज्याला लोक ८०जी म्हणतात ती सवलत एकाच धर्मसमाजासाठी असलेल्या ट्रस्टला सहसा मिळत नाही. ऐतिहासिक किंवा राज्यभर ख्याती असलेले प्रार्थनास्थळ म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या वास्तूच्या दुरुस्तीसाठी मात्र वेगळी तरतूद आहे. तिथेही २००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेणाऱ्या नोकरदाराला ती मुळातच लागू नाही. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीत ऐतिहासिक वास्तूंचे जतन हा विषय आहे. पण पैसे घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. चर्चच्या ट्रस्टकडे ती नसेल तर वारसा जतनाचे काम करणाऱ्या पात्र संस्थेमार्फत काम करून घेणे सोपे जाते.

परदेशातल्या आप्तांचे पैसे ही सर्वांत नाजूक बाब. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परकीय ठरत नाही. तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ठरते. मग एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतले खाते याशिवाय एक डॉलरही घेता येत नाही. पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) किंवा कोषाध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यावर मागवलेले पैसे प्रेमाने आलेले असले तरी गुन्हा ठरू शकतात.

पैसे कमी पडले की आवारात रस्त्याकडेला गाळे काढण्याची कल्पना हमखास पुढे येते. ती कळकळीने टाळावी, अशी विनंती आहे. तीन वर्षांहून अधिक भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते हे एक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाळ्यांच्या भिंती वास्तूची हवा आणि पाण्याची वाट अडवतात. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्याही दगडी भिंतीला भोके पाडून लावू नयेत. प्रवेशाशी एक लाकडी फलक किंवा नोंदवही पुरेशी आहे.

इमारत निधीचे खाते आणि पावतीपुस्तक मंडळीच्या नेहमीच्या दानापासून वेगळे ठेवावे, दर महिन्याचा जमाखर्च दारावर लावावा. ठेकेदाराचे बिल मोजमाप वहीवरूनच द्यावे आणि त्यातले पाच टक्के पुढचा एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावेत. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर दोघांनी विजेरी घेऊन माळ्यावर चढावे, कैच्यांची टोके हाताने चाचपावीत आणि ती कोरडी लागली तरच तो शेवटचा धनादेश लिहावा.

आपले,
जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
सोलापूर