शेवटच्या बाकावरच्या मुलांविषयी

प्रिय मित्रास,

सप्रेम सलाम.

रांचीकडून बांधकामावर आलेल्या मुलांसाठी दुपारी वेगळी हिंदी उपासना ठेवावी, असा ठराव तुमच्या चर्चच्या कमिटीपुढे येणार असल्याचे तू कळवलेस आणि माझे मत विचारलेस. भाषेची अडचण खरी आहे. मराठी उपदेश त्यांना अर्धामुर्धाच कळत असणार. परंतु मागे तुमच्याकडे आलो असताना जे पाहिले, त्यावरून अडचण केवळ भाषेची आहे असे मला वाटत नाही. पुढचे बाक रिकामे असूनही ती मुले शेवटच्या बाकावर दाटीवाटीने बसली होती, आणि बाहेर चहाचे कप फिरू लागण्याआधीच, आशीर्वचन संपताच, चपला घालून फाटकाबाहेर पडली. त्यांना कोणी 'जा' म्हटले नव्हते, पण 'थांबा' असेही कोणी म्हटले नव्हते.

या बाबतीत, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यापेक्षा मला बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय अधिक उपयोगाचा वाटतो. यरुशलेमेच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपाच्या वेळी ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्यांची पंगत वेगळी मांडली नाही. सात जण निवडले गेले, आणि स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती साऱ्या मंडळीच्या वाटपाचा कारभार आला, असे दिसते. आपले घोडे नेमके इथे अडते. पाहुण्याला पाट मांडायला आपण एका पायावर तयार असतो. तोच घरचा होऊन स्वयंपाकघरात शिरला की कपाळाला आठ्या पडतात.

वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तुझ्यामाझ्या पणजोबांची घरे गावकुसाबाहेर होती, आणि ब्राह्मण घरातून आलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर एकाच मेजावरचे प्रभुभोजन त्यांना मिळाले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे १९१७ साली मिशनचे काम सोडून कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांची गीते आपण 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून रविवारी मनापासून गातो. दरबार मात्र सोयीस्करपणे विसरलो आहोत.

शिवाय ती मुले विश्वासात नवखी आहेत, असाही तुमच्यापैकी काहींचा समज दिसतो. गॉस्नर मिशनचे जर्मन मिशनरी १८४५ साली रांचीला पोहोचले. आपल्या नगरचे मिशनकार्य १८३१ चे. अवघ्या चौदा वर्षांच्या अंतरावर थोरलेपणा मिरवण्यात काय अर्थ आहे?

तेव्हा ठराव तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. उपदेशाचा सारांश हिंदीत सांगणारे कोणी तरी तुमच्यात असेलच. त्यांच्याकडच्या सादरी बोलीतले एखादे भजन मुख्य उपासनेत त्यांच्याकडून गाऊन घ्या, आणि त्यांच्यातला एक जण कमिटीवर घ्या. चर्चच्या हंगाम सणाच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाच्या) स्वयंपाकाचा हिशेब त्याच्याकडे द्यायलाही हरकत नाही. तुमच्या खजिनदारांना हे रुचणार नाही, हे मी जाणतो. त्यांच्याशी हवे तर मी बोलेन.

एवढे करूनही त्या मुलांनाच वेगळी उपासना हवी असेल, तर ती जरूर ठेवा. फक्त वेळ ठरवण्यापूर्वी त्यांना विचार. रविवारी दुपारी त्यांना साइटवर काम असते की नाही, याची चौकशी तुमच्यापैकी कोणी केल्याचे तुझ्या पत्रात दिसत नाही.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र