मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईला राहणाऱ्या लेकीस

चिपळूण

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. ‘ऊस, समुद्र आणि पर्यटक, एवढ्यावर या लोकांचं छान चाललंय, नशीबवान देश आहे,’ असं तू लिहिलंस. हे वाक्य मला फार खटकलं. एवढी वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

12 मार्च 1968 ला मॉरिशस स्वतंत्र झाला, तेव्हा साखरेखेरीज विकायला जवळपास काहीच नव्हतं. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने (त्यांना पुढे नोबेल मिळालं) 1961 च्या अहवालात बेटाचं भवितव्य अंधारातच दाखवलं होतं: माणसं भराभर वाढताहेत, काम कुठून आणणार? त्याच्या आदल्याच वर्षी कॅरोल चक्रीवादळाने हजारो घरं झोपवली होती. स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईत दंगल उसळली आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले. याला नशीब म्हणशील?

आता तू पाहिलेली ती गोष्ट. बसमध्ये म्हाताऱ्या बायका चढतात, तिकीट काढत नाहीत आणि कंडक्टर काही बोलत नाही, याचं तुला नवल वाटलं. वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना 2005 पासून बस फुकट आहे. पण मुळं त्याहून खूप जुनी आहेत. उत्पन्न न विचारता प्रत्येक वृद्धाला पेन्शन हे तिथे 1958 पासून आहे, देश अजून इंग्रजांची वसाहत असताना! आधी श्रीमंत होऊ, मग वाटू, असं ते म्हणत बसले नाहीत. आपल्या शेजारच्या आक्कांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किती खेटे घातले ते तू पाहिलं आहेस. गरीब असल्याचं सिद्ध करायला लावणं हा म्हातारपणाचा अपमान आहे, असं माझं ठाम मत आहे.

शिक्षण मात्र सरकारने आपणहून दिलं नाही, ते मुलांनी ओढून घेतलं. 20 मे 1975 ला शाळकरी पोरं मोर्चाने राजधानीकडे निघाली. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं, तिथे चकमक झाली. त्या वर्षाअखेर मतदानाचं वय 18 वर आलं, आणि 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. कधी त्या पुलावरून गेलीस तर बसमधून उतर आणि जरा थांब.

पैसा कुठून आला, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. उसाचे मोठे मळे फ्रेंच वंशाच्या गोऱ्या कुटुंबांकडेच राहू दिले, पण साखरेच्या निर्यातीवर कर बसवला. 1975 च्या लोमे करारामुळे (युरोपने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांशी केलेला व्यापारकरार) युरोपात ठरलेल्या चढ्या भावाने साखर खपू लागली. 1970 मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा केला, हाँगकाँगचे कापडवाले आले, आणि शिवणयंत्रांपुढे बसल्या त्या मुख्यतः बायका. सुरुवातीला त्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी ठरवलेली होती, हे विसरून चालणार नाही. कुटुंबनियोजनाला सरकारने पाठबळ दिलं, मुली शिकू लागल्या, आणि 1963 ते 1972 या काळात दर बाईमागे सहाच्या वर असलेली मुलं तीनवर आली. मीडसाहेबांची भीती खोटी ठरली ती अशी.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. मळे गोऱ्यांकडे राहिले ते राहिलेच. गुलामांच्या वंशातले क्रिओल लोक या वाटचालीत मागे पडले. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. तुझ्या ऑफिसात क्रिओल माणसं किती आणि कोणत्या पदांवर आहेत, ते डोळसपणे बघ. आपल्या कोकणातून ऊस तोडायला गेलेल्यांची पणतवंडं शाळेत मराठी शिकतात, सरकारी नोकरीत आहेत. त्यांच्याकडे जेवायला जाशील तेव्हा क्रिओल मागे का पडले, हे त्यांनाही विचार. त्यांना तुझा राग येणार नाही, आला तरी विचार.

आणि आता त्या पेन्शनवरच गदा आली आहे. मुलं कमी जन्मतात, म्हातारी माणसं वाढली, कर्ज डोईजड झालं. 2025 च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय 60 वरून हळूहळू 65 वर न्यायचं जाहीर झालं, आणि लोक रस्त्यावर आले. हिशेब मला कळतो. पण ज्या बाईने आयुष्यभर उन्हात ऊस बांधला, तिच्या साठीनंतरची पाच वर्षं आणि कचेरीत बसलेल्या माणसाची पाच वर्षं सारखी कशी धरायची? मळ्यात आणि कारखान्यात राबलेल्यांसाठी वय वेगळं ठेवता येईल का, यावर तिथे कोण काय बोलतंय, ते पेपरात शोध. फ्रेंच तुला येतं, मला नाही. कात्रणांचा मतलब मराठीत लिहून पाठव.

बाबांचा गुडघा बरा आहे. कुळथाचं पीठ पुढच्या महिन्यात येणाऱ्या माणसाबरोबर देते.

तुझी,
आई