नाव कमी केल्याचा दाखला

ठाणे (पश्चिम),
रविवार, रात्री

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज बाबांनी वाचून दाखवला. काल जेवता जेवता उठलास, त्याचा राग नाही. मटकीची उसळ आज आम्ही दोघांनी संपवली. फोनवर तू "हो आई, हो आई" करून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतलाय.

समोरच्या काकांनी एवढंच विचारलं ना, "म्हणजे बायकोचा डिपेंडंट म्हणून जाणार तू?" तेवढ्यावर तुझं बिनसलं. तू टेबलावर विसरलेले छापील फॉर्म आज दुपारी मी वाचले. ३१ वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले तपासले, समोर फॉर्म असला की वाचल्याशिवाय राहवत नाही. सूनबाई कॅनडाची पर्मनंट रेसिडेंट, म्हणजे तिथली कायमची रहिवासी, म्हणून ती स्पॉन्सर. तू मुख्य अर्जदार. डिपेंडंट हा शब्द या अर्जात मुलाबाळांसाठी आहे. काकांना सांगायची गरज नाही, पण तुला माहीत असू दे.

खरं दुखणं शब्दाचं नाहीच, मला कळतं. आपण कोणाच्या तरी मागे जातोय, हे आहे.

१९८६ च्या मे महिन्यात लग्न होऊन मी चिपळूणकडून ठाण्यात आले. कोपरीची चाळ, दीड खोली, माणसं सात. माझं नाव माहेरच्या रेशनकार्डावर. इथे चढवायचं तर आधी तिथून नाव कमी केल्याचा दाखला हवा. माझ्या वडलांनी तालुक्याला दोन खेपा घालून तो मिळवला आणि रजिस्टरने पाठवला. इथे आम्ही दिला, त्यांनी फायलीला लावला, आणि मग फाइलच सापडेना. चौदा महिने मी कुठल्याच कार्डावर नव्हते. तिकडे खोडलेली, इकडे न चढलेली. साखर तेव्हा कार्डावरच्या माणसांच्या युनिटमागे मोजून मिळे. सासूबाई वाईट नव्हत्या रे, पण एकदा चहा टाकताना सहज बोलून गेल्या, "हिचं युनिट कुठाय अजून!" तेव्हापासून मी चहा बिनसाखरेचा पिते. डॉक्टर म्हणतात, छान सवय आहे.

तर नाव उचलून दुसऱ्याच्या घरी जाणं आपल्याकडे नवं नाही. तुझ्या आजीने केलं, मी केलं, ताईने केलं. आपल्या घरातल्या पुरुषांत तू पहिला, एवढंच.

आणि माझ्यासाठी कोणी कुठे सही केली नव्हती. सूनबाई करणार आहे. तो हमीचा कागद नीट वाचलास का? तू रेसिडेंट झालास त्या दिवसापासून ३ वर्षं तुझ्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याची जबाबदारी ती तिथल्या सरकारला लिहून देते. त्या काळात तू सरकारी मदत घेतलीस, तर ते पैसे तिने भरायचे. मधेच तुमचं पटलं नाही, अगदी घटस्फोट झाला, तरी तिची हमी सुटत नाही. याला जामीन राहणं म्हणतात. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहायचं म्हटलं की सख्खा भाऊ गावाला निघून जातो, ते तू आपल्याच घरात पाहिलंयस. तुझ्यावर मात्र तसं काही बंधन नाही. पूर्वी काही जोडप्यांना २ वर्षं एकत्र राहण्याची अट असायची, ती २०१७ मध्ये काढून टाकली, असं तीच मला सांगत होती. म्हणजे तुला जे मिळेल ते तुझं स्वतःचं. तिने स्वतःहून सांगितलं हे, लक्षात घे.

राजीनामा आत्ताच देऊ नकोस. अर्ज इथून चालतो, महिनोन्महिने लागतात, आणि इथून केलेला नाकारला गेला तर तिला अपील करता येतं. तिथे जाऊन, तिथे राहणाऱ्या जोडीदारांच्या वर्गातून केला तर ती सोय नाही. आणि "तीच सहा महिने इकडे येऊन राहू दे" हे तू काल म्हणालास, ते मनातून काढ. ती नागरिक नाही, रेसिडेंट आहे. तुला स्पॉन्सर करायचं तर तिने तिथे राहत असायलाच हवं. शिवाय तिचं स्वतःचं टिकवायला ५ वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात. चार आठवडे सुट्टीला आली तर आनंदच आहे, खोली तयार आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या १० वर्षांचा हिशेब मागितलाय, एकही महिना मोकळा न सोडता. तिथे ऑगस्ट २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत तू जुन्या कंपनीचं नाव पेन्सिलीने पुढे ओढलंयस. ते आठ महिने तू घरी होतास. इस्त्रीचा शर्ट घालून नऊला बाहेर पडायचास आणि तलावपाळीला बाकावर बसायचास. बाबांनी एकदा पाहिलं होतं, मासुंदा तलावाच्या कडेने येताना. ते लांबून वळून आले, तुला कधी बोलले नाहीत. मीही बोलले नसते. पण त्या रकान्यात 'बेरोजगार' असं सरळ लिहिलेलं चालतं, बाळा. खोटं लिहिलेलं चालत नाही. सापडलं तर अर्ज जातोच, वर ५ वर्षं दार बंद. कंपनीच्या दाखल्यावर एक तारीख, फॉर्मवर दुसरी, हे सापडायला हुशार माणूस लागत नाही. माझ्यासारखी कारकून पुरते. पहिलीच्या प्रवेशासाठी पोराची जन्मतारीख दोन महिने मागे ओढणारे पालक मी किती पाहिले, आणि दहावीनंतर तेच पालक खिडकीशी रडवेले.

आणि तिलाही हे माहीत नाही ना? तिला तू काय सांगितलंयस? ती तुझ्यासाठी सही करणार आहे. फॉर्म पाठवण्याआधी तिला सांग.

बाकीचं सोपं आहे. पीसीसी म्हणजे पोलिसांचा दाखला, त्यासाठी पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घे. दुबईला अकरा महिने होतास, तर तिथल्या पोलिसांचंही लागेल, कारण सलग सहा महिने जिथे राहिलास तिथलं ते मागतात. मेडिकल आपल्या डॉक्टरांकडे चालत नाही, त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरांकडे जावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला कपाटात आहे, त्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही आहे. त्यावर तिचं माहेरचंच नाव आहे, ते तसंच राहू दे. माझं नाव तुझ्या बाबांनी तांदळात अंगठीने लिहून बदललं, आणि पेन्शनच्या वेळी ती मी नव्हेच असं ठरता ठरता राहिले.

फोटो २० च चालतात म्हणे. आल्बममधून मी एकोणीस काढून ठेवलेत. अंतरपाटाचा, गोंधळाचा, पाडव्याच्या शोभायात्रेत कौपिनेश्वराबाहेरचा, वगैरे. पानात वाढतानाचा मुद्दाम घेतलाय, त्यात दोन्हीकडची माणसं दिसतात, आणि घरच्यांना लग्न माहीत होतं का असं त्यांनी विचारलंय. विसावा फोटो तू ठरव. मला विचारशील तर दिवाळी पहाटेचा राम मारुती रोडवरचा दे, तुमची ओळख झाली त्या दिवशीचा. ती त्यात अर्धीच आलीय, पण हसतेय.

शनिवारी येताना जुना पासपोर्ट आण. फॉर्म होते तिथेच आहेत. पेन्सिलीची ती ओळ मी खोडलेली नाही. खोडरबर टेबलाच्या खणात आहे.

तुझी,
आई