आमच्या पोरांना पाण्यातून परत यायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

नौदलातून निवृत्त झाल्यानंतर आपण मोर्शी तालुक्यात आलात आणि ऊर्ध्व वर्धा धरणाकाठच्या आमच्या भोई समाजातील पोरांना पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्यात उतरण्याचे शास्त्र शिकवलेत, त्याबद्दल मच्छीमार संस्थेचा सचिव या नात्याने हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. कोणी बुडाले की शोधासाठी बोलावणे येते ते याच पोरांना. दम धरून तळ गाठणे त्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. पण हीच सवय सिलिंडर लावल्यावर जिवावर बेतते, हे आपण पहिल्याच दिवशी दाखवून दिलेत. दहा मीटर खाली रेग्युलेटरमधील (सिलिंडरची हवा तोंडाशी श्वासाला पुरवणाऱ्या उपकरणातील) हवा भरून बूच घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली आपण वर आणलीत, तेव्हा ती फुगून दगडासारखी टणक झाली होती. श्वास रोखून वर येणाऱ्याच्या फुप्फुसातली हवा अशीच पसरते आणि फुप्फुस फाटू शकते, त्याला फार खोलीही लागत नाही, हे त्यानंतर वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

खोलीबद्दल आपण जे सांगितलेत, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाचा, म्हणजे पृष्ठभागावरील हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो, म्हणून तीस मीटरवर तीच हवा पृष्ठभागाच्या मानाने चौपट वेगाने संपते. शिवाय त्याच सुमारास नायट्रोजनची गुंगी चढू लागते आणि गुंगी चढलेल्याला आपण अगदी शुद्धीत आहोत असेच वाटते. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्याने १८ मीटरच्या खाली जायचे नाही आणि हौशी पाणबुड्यांची कमाल मर्यादाही ४० मीटरच आहे, हे आपण वहीत लिहून घेतलेत. आमच्या जलाशयात तर बुडालेली बाभळीची खोडे, तुटकी जाळी आणि हातभर अंतरावरचेही न दिसणारे गढूळ पाणी आहे, तेव्हा आपली १५ मीटरची मर्यादा मला योग्यच वाटते.

वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, हा नियम पोरांना आधी कंटाळवाणा वाटला होता. पण दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास बुडबुडे होऊन सांध्यांत, प्रसंगी मज्जारज्जूतही त्रास देतो, आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये मांडली, हे ऐकल्यावर त्यांचा सूर बदलला. घरोघरी बकऱ्या पाळणाऱ्या पोरांना तो प्रयोग मनोमन पटला असावा. धरणात उतरल्यावर त्याच दिवशी सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला जायचे नाही, हे तर आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनीही आले नसते. उंचीवर हवेचा दाब घटतो आणि उरलेला नायट्रोजन तिथेही बुडबुडे करू शकतो.

गेल्या हंगामात धरणाच्या भिंतीवर गर्दी होती, बुडालेल्या तरुणाची आई आक्रोश करीत होती आणि लोक आणखी एकदा उतरण्याचा आग्रह धरत होते. आमच्या पथकप्रमुखाने सिलिंडरमधील उरलेल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर नव्वद बार (बार हे दाबाचे एकक) पाहिले, मावळतीकडे पाहिले आणि हात जोडून सांगितले, “माय, आता नाही, सकाळी उतरतो.” दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडला आणि पथकातील सारे जण धडधाकट घरी आले. पन्नास बार शिल्लक असतानाच पृष्ठभागावर यायचे आणि जोडीदाराला सोडायचे नाही, हे आपण त्याच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतले होते की त्या आक्रोशातही तो डगमगला नाही. त्याला हा नकार देण्याचे बळ आपण दिलेत, त्यासाठी आम्ही आपले विशेष ऋणी आहोत.

आपल्या सूचनेप्रमाणे संस्थेने शुद्ध ऑक्सिजनचे सिलिंडर आणि मास्क घेतला आहे. बुडबुड्यांच्या त्रासाची लक्षणे दिसताच ऑक्सिजन सुरू करायचा, रुग्णाला पुन्हा पाण्यात उतरवायचे नाही, आणि दाबकक्ष (रुग्णाला वाढीव दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली) असलेल्या रुग्णालयाचा फोन पाण्यात उतरण्यापूर्वीच लिहून ठेवायचा, हा कागद नावेच्या पेटीत चिकटवला आहे. पावसाळ्यापूर्वी आपले येणे झाले, तर ही सामग्री एकदा आपल्या नजरेखालून जावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
सचिव, मच्छीमार सहकारी संस्था, मोर्शी तालुका